चोर पळतो तेव्हा पीटर काय करतो?

नमस्कार मंडळी. कॉमिक्समधल्या नायकाशी सिनेमा किती इमान राखतो, हा आजचा विषय. अलका, राहुल या थिएटरांत इंग्रजी सिनेमे बघत मोठी झालेली बरीच मंडळी समोर आहेत, कॉलेजातली मुलंही आहेत. तेव्हा एक जुनं भांडण उकरून काढतो.

२००२ साली सॅम रायमीचा 'स्पायडर-मॅन' आला. कॉमिकमधला पीटर पार्कर जाळं फेकण्याचं यंत्र स्वतः बनवतो आणि मनगटावर बांधतो. रायमीने ते जाळं थेट मनगटातूनच काढलं. चाहते खवळले. पोराची हुशारीच काढून घेतली, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण त्याच सिनेमातला दुसरा एक बदल मला कितीतरी मोठा वाटतो. त्यावर फारसं कुणी भांडलं नाही.

ऑगस्ट १९६२चा 'अमेझिंग फँटसी'चा पंधरावा अंक घ्या, स्पायडर-मॅन पहिल्यांदा आला तो. लेखन स्टॅन ली यांचं, चित्रं स्टीव्ह डिटको यांची. टीव्ही स्टुडिओत एक चोर धावत येतो, मागून पोलीस ओरडतो की अडव त्याला. पीटरने नुसता पाय आडवा घातला असता तरी पुरे होतं. पण तो बाजूला उभा राहतो, चोर निसटतो. वर पोलिसालाच ऐकवतो की यापुढे मी फक्त माझं बघणार. त्या स्टुडिओत कुणीही त्याचं काही वाकडं केलेलं नाही. नवी ताकद आली, लोक टाळ्या वाजवू लागले आणि माज चढला, एवढंच. पुढे तोच चोर बेन काकांचा जीव घेतो.

आता सिनेमा पाहा. कुस्तीचा आयोजक पीटरला ठरलेल्या ३,००० डॉलरऐवजी १०० डॉलर टेकवतो. लगेच त्याच आयोजकाला चोर लुटतो आणि पीटर त्याला जाऊ देतो. आपण खुर्चीत बसून मनात म्हणतो, बरी जिरली! इथेच घोळ झाला. पीटरच्या चुकीला सबब मिळाली आणि आपण त्याच्या बाजूने झालो. कॉमिक वाचताना आपण त्याच्या बाजूने नसतो, आपल्याला त्याचा राग येतो, आणि म्हणूनच काका गेल्यावर पोटात खड्डा पडतो. २००७च्या तिसऱ्या भागात तर काकांवर गोळी झाडणारा माणूसच बदलला. पीटरचा अपराध आणखी हलका झाला.

मला वाटतं इमान तपासायचं ते इथे. नायकाच्या माथी कॉमिकने जो दोष मारलाय, तो सिनेमाने तसाच ठेवला का?

पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी, तिचं उदाहरण घेऊ. जून १९७३, 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चा १२१वा अंक, लेखक जेरी कॉन्वे, चित्रकार गिल केन. खलनायक ग्रीन गॉब्लिन ग्वेनला पुलावरून खाली फेकतो. स्पायडर-मॅनचं जाळं तिचे पाय पकडतं. त्या चौकटीत तिच्या मानेजवळ बारीक अक्षरांत एक आवाज छापलाय, 'स्नॅप'. पीटरचं तिकडे लक्षच नाही. तो तिला वर ओढताना वाचवल्याच्या आनंदात बोलत असतो. ती पडण्याने गेली की त्याच्या जाळ्याच्या हिसक्याने? एवढ्याशा अक्षरांनी वाचकाची झोप उडवली. २०१४च्या सिनेमात घड्याळाच्या मनोऱ्यात जाळ्याचं टोक हाताच्या पंजासारखं उघडत तिच्याकडे झेपावतं, पण तोवर तिचं डोकं जमिनीवर आपटतं. दृश्य देखणं आहे, मला आवडतं. पण त्यात पीटर उशिरा पोचला, इतकंच होतं. कॉमिकमध्ये कदाचित त्याच्याच हातून ती गेली.

कुणी म्हणेल, मुळात कॉमिक्सच बदलत राहिली, मग कुठलं मूळ खरं? बरोबर आहे. १९३८चा सुपरमॅन उडत नव्हता, लांब उड्या मारायचा. १९४०मध्ये बॅटमॅन विमानातून मशीनगन चालवत होता. म्हणून पहिल्या अंकाची पोथी करण्यात अर्थ नाही. पिढ्यान्‌पिढ्या लेखकांनी जे टिकवलं ते बघावं.

१९७८च्या 'सुपरमॅन'मध्ये ते बघायला मिळतं. क्लार्क केंट, म्हणजे चष्मा लावून साध्या माणसासारखा वावरणारा सुपरमॅन, त्याची सहकारी लोइसच्या घरी आलाय, ती आतल्या खोलीत गेली आहे. ख्रिस्तोफर रीव्ह चष्मा काढतो. पाठ ताठ होते, खांदे रुंदावतात, आवाज खाली उतरतो. खरं सांगून टाकायचं त्याने ठरवलंय. मग धीर सुटतो, चष्मा पुन्हा डोळ्यांवर, खांदे पुन्हा पडलेले. स्पेशल इफेक्ट शून्य! चष्म्याने कुणी ओळखू येत नाही, या थट्टेच्या विषयावर रीव्हने नुसत्या शरीराने विश्वास बसवला, आणि सर्वशक्तिमान माणसाचा एकटेपणाही दाखवला.

आता आपल्या पुण्याचं. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे आपला फास्टर फेणे ऊर्फ फाफे, कॉमिकमधला नाही, अंगात दैवी शक्तीही नाही. पण इथल्या कित्येक पिढ्यांचा नायक तोच. २०१७च्या सिनेमात तो मोठा झाला, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसला, अमेय वाघने तो रंगवला. वय वाढवल्याबद्दल कुरकुर झाली, तरी खटकलेली गोष्ट सोडून न देणारा बनेश तिथे आहे, हे मी मान्य करतो. गमावलं ते वेगळंच. गोष्टींमधला फाफे शाळकरी पोरगा आहे. मोठ्यांना खरं सांगितलं तरी ते त्याला गप्प बसवू शकतात, म्हणून त्याला स्वतःच धावावं लागतं. तरुण फेणेला ती अडचण उरत नाही. सिनेमाने त्या जागी दुसरी तेवढीच घट्ट अडचण द्यायला हवी होती, ती मला सापडली नाही.