मी पायाळू आहे, आणि माझ्या लाथेत काहीही नाही

जय ख्रिस्त, मंडळी!

आधीच सांगून टाकते, मी पायाळू. जन्माला येताना माझं डोकं मागे राहिलं, पाय पुढे आले. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या आमच्या गावात अशी गोष्ट लपत नाही. कुणाच्या कमरेत उसण भरली की ते माणूस आमच्या ओट्यावर पालथं पडायचं, आणि सहा वर्षांची मी त्याच्या पाठीला लाथ मारायची. बदल्यात गूळ-शेंगदाणे. मला काय, मजाच होती!

पण वळवाचे ढग गडगडायला लागले की तीच माणसं मला त्यांच्या ओसरीवर उभं राहू द्यायची नाहीत. पायाळूवर वीज पडते म्हणे. लाथ हवी, पोर नको.

आता म्हणाल, हे बाकीच्यांचं झालं, तुम्ही तर ख्रिस्ती. अहो, आमची आजी रविवारी उपासनेत पहिल्या रांगेत असायची, आणि वीज चमकली की मला आत ओढून दार लावून घ्यायची. वर स्तोत्र म्हणायची ते वेगळंच.

पायाळू म्हणजे नेमकं काय, तर अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमाराला चारांतलं जवळपास एक मूल पोटात डोकं वर करूनच असतं. पुढे बहुतेक फिरतात. दिवस भरेपर्यंत शंभरांत तीन-चार तशीच राहतात. गर्भाशयाची ठेवण, वार कुठे चिकटली आहे, जुळं आहे का, अशी कारणं असतात, आणि पुष्कळदा कारण सापडतही नाही. बाळंतपणात धोका असतो, तो खरा आहे, म्हणून तर दवाखाना. पण मूल एकदा रडलं की विषय संपला.

आपल्याकडे तो संपत नाही. पायाळू माणसाला जमिनीतलं गुप्तधन दिसतं, ही त्यातली सर्वांत घातक समजूत. डोळ्यांत अंजन घालून पोराला रात्री माळावर न्यायचं, इथपासून नरबळीपर्यंत ती जाऊ शकते. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केलेले अघोरी प्रकार गुन्हा म्हणून लिहावे लागले, ते उगाच नाही.

आता बायबल उघडू. योहानाचा नववा अध्याय. रस्त्यात एक जन्मांध माणूस बसलाय. शिष्य त्याच्याकडे बघतात, पण त्याच्याशी बोलत नाहीत. येशूला विचारतात, पाप कुणाचं, ह्याचं की ह्याच्या आईबापाचं? कुठलीही बाळंतीण हा प्रश्न ओळखेल. ग्रहणात चिरलंस का? अमावस्येला बाहेर गेली होतीस का? येशू म्हणतो, ह्याचंही नाही आणि त्याच्या आईबापाचंही नाही. मग खाली वाकून थुंकीने चिखल कालवतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो. शिष्यांना चर्चा करायची होती, येशूने हात घाण करून घेतले.

पण थांबा. त्याच वचनात पुढे आहे, की देवाची कार्यं ह्याच्या ठायी दिसावीत म्हणून. आणि इथे आपले काही पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, घसरतात. व्यंग असलेलं मूल झालं की आईला जाऊन सांगतात, बाई, देवाने काही खास हेतूने पाठवलंय. हेतू चांगला असेल हो, पण त्या पोरावर पुन्हा शकुनच लादला ना! काल वाईट होता, आज पवित्र. मूळ ग्रीक हस्तलिखितांत आजच्यासारखी विरामचिन्हं नव्हती, म्हणून काही अभ्यासक हे वाक्य पुढच्याला जोडून वाचतात: देवाची कार्यं दिसावीत म्हणून आपल्याला काम केलं पाहिजे. मला हे वाचन पटतं. सगळ्यांना पटत नाही.

माझी आवडती गोष्ट मात्र उत्पत्तीच्या 38 व्या अध्यायात आहे, आणि संडे स्कूलमध्ये ती कुणी शिकवत नाही, कारण सासऱ्यापासून दिवस गेलेल्या तामारेची कहाणी पोरांना सांगायची कशी! तामारेला जुळं होतंय. आधी एक हात बाहेर येतो. सुईण त्याला लाल दोरा बांधते, हा पहिला. हात आत जातो, आणि दुसराच बाहेर येतो, पेरेस. आजच्या डॉक्टरांना हे ऐकवा, घाम फुटेल. माणसाने बांधलेली खूण तिथल्या तिथे खोटी ठरली. आणि मत्तयाच्या पहिल्याच पानावर येशूच्या वंशावळीत दोघा भावांची नावं आहेत, आईच्या नावासकट.

जुळ्यांवरून मेरी स्लेसर आठवते. स्कॉटलंडमधल्या डंडीची गिरणी कामगार, अकराव्या वर्षापासून कापडाच्या गिरणीत. 1876 मध्ये ती मिशनरी म्हणून आजच्या नायजेरियातल्या कलाबारला गेली. तिथल्या एफिक लोकांत समज असा, की जुळ्यातलं एक मूल दुष्ट आत्म्याचं. कुठलं ते कळायचं नाही, म्हणून दोघांनाही मडक्यात घालून रानात टाकायचे आणि आईला हाकलून द्यायचे. मेरी एफिक भाषा शिकली, ती पोरं उचलून आणली आणि स्वतःच्या घरात वाढवली. त्यांतली जेनी तिची मुलगी म्हणूनच राहिली. तिच्या मागे इंग्रजी सत्ता उभी होती, हेही खरं. तिला पुढे सरकारी अधिकारही मिळाले. पण रात्री रडणारं पोर मांडीवर घ्यायला सत्ता येत नाही.

आणि आपलं घर स्वच्छ होतं असं समजू नका. खुद्द मार्टिन ल्यूथर, प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणारा! जेवणाच्या टेबलावरच्या त्याच्या बोलण्याच्या नोंदी आहेत. जर्मनीतल्या डेसाऊमध्ये त्याने एक वेगळं वागणारं मूल पाहिलं आणि ते सैतानाने बदलून ठेवलंय, नदीत टाका, असा सल्ला दिला. तिथल्या राज्यकर्त्यांनी तो मानला नाही म्हणून बरं. त्याच्याआधी अकराशे वर्षं संत ऑगस्टीन लिहून गेला होता, की शरीर कितीही वेगळं असो, माणसाच्या पोटी जन्मलेला तो आदामाचाच वंशज. ल्यूथर ऑगस्टीनच्याच पंथातला संन्यासी होता. वाचलं असेल की त्याने.

मागच्या दिवाळीत गावी गेले होते. शेजारच्या काकू कंबर धरून आल्या आणि नेहमीसारख्या ओट्यावर पालथ्या पडल्या. म्हटलं, काकू, लाथ नाही मारणार. त्या रुसल्या. मग तीळतेल कोमट केलं आणि अर्धा तास पाठ चोळून दिली. उठताना म्हणाल्या, गुण आला बाई, पायाळूचा हात तो पायाळूचा हात!