फोर्न, फुलबाजी आणि पोकळी

(दृश्य: अंधार. फोर्नचं तोंड, आत निखारे.)

पहाटेचे तीन. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला हा फोर्न, म्हणजे पाव भाजायची भट्टी, अजून लाकडावर चालतो. गॅसची भट्टी घेतली की झोप वाचते, हे पोदेरही (पाव भाजणारा) मान्य करतो, पण फोर्न मोडायला त्याचं मन होत नाही. आमचंही झालं नसतं. आधी आत लाकडं पेटवायची. घुमट तापू द्यायचा. मग निखारे ओढून काढायचे, तळ ओल्या फडक्याने पुसायचा आणि लांब दांड्याच्या फळीवरून उंडे (गोल पाव) आत सरकवायचे. तोवर जाळ गेलेला असतो. पाव भाजतो तो भिंतींनी धरून ठेवलेल्या उष्णतेवर.

(दृश्य: पोदेराचा हात, जवळून.)

आता हा हात बघा. क्षणभर फोर्नच्या तोंडातून आत गेला. तिथली हवा दोनशे अंशांच्या वर, तरी तो भाजला नाही. तेवढ्याच तापलेल्या पत्र्याला बोट लागलं असतं तर फोड आला असता. तापमान दोघांचं सारखंच. तापमान म्हणजे कण किती वेगाने धडपडतात त्याचं माप. हाताला चटका किती बसेल, ते असे किती कण येऊन आदळतात यावर ठरतं. पत्र्यात त्यांची दाटी, हवेत विरळाई.

(दृश्य: नरकासुराची रात्र. फुलबाजी, संथ गतीत.)

फुलबाजीची ठिणगी हजार अंशांच्या घरात असते. पोरांच्या हातावर पडते आणि विझते, कारण ती आहेच केवढीशी! तार मात्र भाजते.

(दृश्य: पहाटेच्या आकाशात सरकणारा ठिपका.)

हे अंतराळ स्थानक. साधारण 400 किलोमीटर उंचीवर ते फिरतं आणि तिथल्या वायूचं तापमान हजार अंशांच्या आसपास भरतं. पण तो वायू इतका विरळ की बाहेरच्या अंतराळवीराला त्याची ऊबही लागत नाही. ऊन लागतं. उन्हाकडची बाजू शंभर अंशांच्या पुढे तापते, सावलीतली उणे शंभरच्या खाली उतरते. सिनेमातला माणूस पोकळीत पडताच बर्फ होतो. खरा माणूस दहा-पंधरा सेकंदांत प्राणवायूअभावी शुद्ध हरपतो.

(दृश्य: थर्मासची फुटलेली चकचकीत काच.)

गोठत का नाही? ही काच पाहा. तिच्या दोन भिंतींमध्ये पोकळी आहे. जेम्स ड्युअरने 1892 साली केलेली ही युक्ती. पोकळीतून उष्णतेला वाहून न्यायला कोणी नाही. ती जाते फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपाने, आणि तेही अडवायला चांदीचा मुलामा. अंतराळयानं ज्या सोनेरी कागदात गुंडाळलेली दिसतात, त्याचं कामही हेच. स्थानकाला तर उबेपेक्षा उष्णता बाहेर फेकण्याची काळजी जास्त. त्यासाठी अमोनिया फिरवणारे मोठाले पंखे बाहेर पसरलेले असतात. पंखे म्हणजे पातळ फळ्या, वारा घालणारे नव्हेत.

(दृश्य: मोरजीची वाळू, भर दुपार, अनवाणी पाय.)

वरची वाळू पोळते, पाय आत रुतवला की गारवा. 23 ऑगस्ट 2023 ला चंद्रयान-3 उतरलं, त्यातल्या 'चेस्ट' या उपकरणाने चंद्राच्या मातीत तापमापी खुपसली. वर पन्नास अंशांहून जास्त; खाली 80 मिलिमीटरवर उणे 10 च्या आसपास. तिथे कणांच्या फटीत हवाही नाही, मग ऊब आत पोचवणार कोण?

(दृश्य: तारे. मग पुन्हा फोर्न, निखाऱ्यांविना.)

सूर्यापासून, ताऱ्यांपासून दूर, जिथे काहीच नाही तिथेही तापमापी केवल शून्यावर, म्हणजे ज्याच्या खाली तापमान जाऊच शकत नाही त्या टोकावर, जाणार नाही. त्याच्या सुमारे 2.7 अंश वर ती थांबेल, म्हणजे उणे 270. सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वी विश्व तापलेलं होतं. जाळ गेला, ही त्याची उरलेली धग. पेन्झिआस आणि विल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांना 1960 च्या दशकात ती अँटेनातल्या खरखरीसारखी ऐकू आली. आधी त्यांचा संशय कबुतरांच्या विष्ठेवर होता.

(दृश्य: सायकल. भोंग्याचा आवाज.)

साडेपाच. पोदेर निघाला. पाटीतल्या उंड्यांवर कापड घट्ट ओढलंय, आत वाफ आहे.