आधी गावचं दप्तर, मग हायकोर्ट

[दृश्य: तिरुवारूर, कमलालयम तळ्याच्या पायऱ्या, मागे त्यागराजाच्या (शिवाच्या) देवळाचं गोपुर]

तिरुवारूर. कावेरीच्या पाण्यावर पिकणारा भाताचा मुलूख. इथे एक पोरका मुलगा गावच्या हिशेबनिसाच्या, म्हणजे आपल्याकडच्या कुलकर्ण्याच्या हाताखाली लिहायला बसला. पगार महिना एक रुपया. नाव मुथुस्वामी अय्यर. जन्म २८ जानेवारी १८३२, तंजावरजवळच्या उच्चुवाडीचा. वडील लवकर गेले, म्हणून ही नोकरी.

१८३२ च्याच मार्चमध्ये तंजावरचे सरफोजीराजे भोसले वारले. राजवाड्यातलं दप्तर मराठीत, मोडीत चालू होतं, पण मुलखाचा महसूल १७९९ च्या तहानंतर कंपनीकडेच होता. गावोगावी लिहिली जाणारी खाती कंपनीच्या कामाची होती.

त्या खात्यांत काय असे? जमिनीचा तुकडा कोणाचा, कसतो कोण, कालव्याचं पाणी कोणाकडून येतं, सारा किती ठरला, थकला किती. एक नाव चुकीचं चढलं तरी त्या वर्षी कोणाचं काही बिघडत नाही. वीस-तीस वर्षांनी भाऊ भावावर दावा लावतो, आणि तीच ओळ कोर्टात पुरावा म्हणून येते. पुढे सतरा वर्षं मद्रास हायकोर्टात अपिलं ऐकणाऱ्या माणसाने सुरुवात या ओळी लिहिण्यापासून केली, ही त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे असं आम्हाला वाटतं.

तहसीलदार मुथुस्वामी नायकर यांनी मुलगा हेरला. चरित्रकार सांगतात की नदीचा बांध फुटल्याची वर्दी आली तेव्हा कचेरीत हा एकटाच होता. तहसीलदारांनी त्यालाच पाठवलं, आणि तो जागेवर जाऊन नेमका तपशील घेऊन आला. नायकरांनी त्याला नागपट्टणमच्या मिशन शाळेत घातलं, तिथून मद्रासला. १८५४ मध्ये इंग्रजी निबंधासाठी ५०० रुपयांचं बक्षीस मिळालं. रुपया महिन्याच्या हिशेबाने ती चाळीस वर्षांची कमाई झाली.

[दृश्य: नकाशा – तरंगमबाडी, तंजावर, मंगळूर, मद्रास]

पुढच्या पायऱ्या भराभर बघू. वकिलीची परीक्षा, तरंगमबाडीला मुन्सफ (खालच्या दिवाणी कोर्टाचा जज्ज), तंजावरला डेप्युटी कलेक्टर. १८६५ ते १८६८ मंगळूरला सबजज्ज. मग मद्रासला मॅजिस्ट्रेट. या खुर्चीवर असताना त्यांनी एका गोऱ्या हायकोर्ट जज्जाला दंड केला, एका देशी माणसाला मारहाण केल्याबद्दल. १८७१ मध्ये नोकरी सांभाळून बी.एल. ही कायद्याची पदवी घेतली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी. त्यानंतर स्मॉल कॉज कोर्टात, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात, जज्ज.

१८७८ साली ते मद्रास हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. त्या कोर्टावरचे पहिले देशी जज्ज. शहरातल्या गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांनी नेमणुकीवर झोड उठवली. उत्तर द्यायला देशी माणसाच्या हातात वर्तमानपत्र नव्हतं. तेव्हा सहा तरुणांनी एक रुपया बारा आणे उसने घेतले आणि २० सप्टेंबर १८७८ ला ऐंशी प्रती छापल्या. साप्ताहिकाचं नाव ‘द हिंदू’.

[दृश्य: कापडात बांधलेली जुनी कागदपत्रं, सोडली जाणारी गाठ]

आता अपिलाचं काम बघू. मुन्सफाच्या निकालावर पहिलं अपील जिल्ह्यात, मुदत तीस दिवस. हायकोर्टात यायचं तर नव्वद. अर्जासोबत हुकूमनाम्याची नक्कल लागते, आणि नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. हे ठाऊक नसलेला पक्षकार मुदत संपली म्हणून घरी बसे.

हायकोर्टात येणारं दुसरं अपील त्याहून अवघड. १८८२ च्या दिवाणी संहितेचं कलम ५८४ म्हणायचं, तीनच कारणं चालतील: निकाल कायद्याच्या किंवा कायद्याचं बळ असलेल्या वहिवाटीच्या, म्हणजे रूढीच्या, विरुद्ध आहे, कायद्याचा महत्त्वाचा मुद्दा ठरवायचा राहिला, किंवा कामकाजात ठळक दोष राहिला. साक्षीदार खोटं बोलला, खालच्या जज्जाने त्यावर विश्वास ठेवला, ही तक्रार इथे चालत नसे. १८९० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या सगळ्यात वरच्या अपील-कोर्टाने, तर सांगून टाकलं की वस्तुस्थितीबद्दलची चूक कितीही ढोबळ असो, त्यावर दुसरं अपील नाही.

म्हणजे अपिलाच्या जज्जासमोर माणूस येत नाही, कागद येतो. तोही बहुधा भाषांतर झालेला. साक्ष झाली तमिळमध्ये, किंवा तेलुगू, मलयाळम, कन्नडमध्ये, आणि गोरा जज्ज वाचतो इंग्रजी. मुथुस्वामी अय्यर तमिळ कागद मुळातून वाचू शकत, आणि तो लिहिणारा कारकून कुठे घाई करतो हे त्यांना स्वतः ते काम केल्याने ठाऊक होतं.

कलमातल्या ‘वहिवाट’ या शब्दाने त्या कोर्टाला फार काम दिलं. १८६८ च्या रामनाड जमीनदारीतल्या दत्तकाच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने ठरवलं होतं की वहिवाटीचा स्पष्ट पुरावा शास्त्रवचनापेक्षा वरचढ. म्हणूनच महाराष्ट्रात विधवेला नवऱ्याची परवानगी नसतानाही दत्तक घेता येई, आणि मद्रासकडे त्यासाठी सपिंडांची, म्हणजे नवऱ्याच्या जवळच्या नातलगांची, संमती लागे. दोघी हिंदूच, मिताक्षरा हा धर्मशास्त्राचा ग्रंथही एकच.

मंगळूरची तीन वर्षं इथे कामी आली. तिथे अळियसंतान चाले, वारसा मामाकडून भाच्याकडे. शेजारच्या मलबारात मरुमक्कतायम, तेही आईच्या बाजूने. तिथल्या ‘संबंधम’ या स्त्री-पुरुषाच्या नात्याला कोर्टं लग्न मानत नव्हती. त्यामुळे स्त्रीला नवऱ्याकडून आणि मुलांना बापाकडून पोटगी मागता येत नव्हती. १८९१ मध्ये सरकारने मलबार विवाह आयोग नेमला. अध्यक्ष मुथुस्वामी अय्यर.

[दृश्य: हायकोर्टाची लाल इमारत, घुमट]

ही इमारत १८९२ ची. इथे त्यांना जेमतेम अडीच वर्षं मिळाली. १८९३ मध्ये तीन महिने ते हंगामी मुख्य न्यायाधीश होते. त्याच वर्षी मुंबईत न्यायमूर्ती रानडे हायकोर्टावर आले. २५ जानेवारी १८९५ ला मुथुस्वामी अय्यर वारले. तेव्हाही ते जज्जाच्या खुर्चीवरच होते. त्रेसष्ट पुरे व्हायला तीन दिवस बाकी. त्या वर्षी एस. सुब्रमण्य अय्यर त्या कोर्टावर जज्ज झाले.

मलबार विवाह कायदा १८९६ मध्ये आला. संबंधम नोंदवून त्याला लग्नाचा दर्जा मिळवायची सोय झाली, सक्ती नव्हती. नोंदवायला फार थोडे लोक आले.