आधी प्लॅन दाखवा

मित्रहो, मघाशी चहा घेताना तुमच्यातल्या एकानं मला विचारलं, "सर, मायएसक्यूएल फास्ट की पोस्टग्रेस?" दोन्ही डेटाबेस, म्हणजे माहिती साठवून हवी तेव्हा शोधून देणारी सॉफ्टवेअरं. मी म्हटलं, क्वेरी कोणती, म्हणजे डेटाबेसला नेमकं काय विचारायचंय? तर म्हणाला, "असंच, जनरल." आता बैल चांगला की म्हैस, असं कुणी विचारलं तर आपण काय म्हणू? नांगराला हवाय की दुधाला, ते आधी सांग!

हा प्रश्न मीही एकदा फार आत्मविश्वासानं सोडवला होता. नोकरीची पहिली वर्षं. एका ग्राहकाचा डेटा मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर न्यायचा का, हे ठरवायचं होतं. महिन्याच्या विक्रीचा रिपोर्ट जुन्या सर्व्हरवर सकाळी चालवला, चाळीस सेकंद. दुपारी पोस्टग्रेसमध्ये डेटा भरला, तीच क्वेरी चालवली, दोन सेकंद! मी लगेच तक्ता करून साहेबांच्या टेबलावर ठेवला. आमच्या टीममधल्या एक ज्येष्ठ बाई तो बघून एवढंच म्हणाल्या, "इम्पोर्ट कधी केलास रे?" नुकताच. म्हणजे सगळा डेटा अजून रॅममध्येच बसलेला. जुनं सर्व्हर मात्र रात्री रीस्टार्ट झालेलं, त्याला प्रत्येक पान, म्हणजे डेटाचा एकेक छोटा तुकडा, डिस्कवरून उचलावं लागलं. दोन्हीकडे क्वेरी लागोपाठ पाच-पाच वेळा चालवली आणि फरक जवळपास मिटला. तो तक्ता मी गुपचूप परत घेतला.

तेव्हापासून सेटिंग बघितल्याशिवाय मी आकडा वाचत नाही. पोस्टग्रेसची शेअर्ड बफर्स आणि मायएसक्यूएलच्या इनोडीबीचा (डेटा साठवणाऱ्या भागाचा) बफर पूल, म्हणजे डेटा रॅममध्ये धरून ठेवायची जागा, दोन्ही इन्स्टॉल केल्या केल्या १२८ एमबीच असतात. ६४ जीबीच्या मशीनवर एकाला तज्ज्ञानं ट्यून करायचं, दुसऱ्याला तसंच ठेवायचं आणि मग "तुलना" छापायची, हा धंदा जुना आहे.

किती जुना? १९८३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात डेव्हिड ड्यूइट, दीना बिटन आणि कॅरोलिन टर्बीफिल यांनी वेगवेगळ्या रिलेशनल, म्हणजे टेबलांत डेटा ठेवणाऱ्या, डेटाबेसच्या वेगाची मोजणी करून ती नावानिशी छापली. ओरॅकल या डेटाबेस कंपनीला ते आकडे मुळीच रुचले नाहीत. पुढे कंपनीच्या लायसन्समध्ये अट आली, आमच्या परवानगीशिवाय बेंचमार्कचे, म्हणजे अशा मोजणीचे, निकाल प्रसिद्ध करायचे नाहीत. इतरांनीही ती उचलली. त्या अटीला आजही "ड्यूइट क्लॉज" म्हणतात. व्यापारी डेटाबेसचे एकमेकांशी केलेले आकडे बाहेर कमी दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

मग १९८८ मध्ये कंपन्यांनीच डेटाबेसच्या चाचण्या ठरवणारी टीपीसी ही संस्था काढली, सगळ्यांना एकच पेपर. पण पेपर ठरलेला असला की त्याची तयारीही ठरलेली होते. टीपीसी-डी या चाचणीत लोकांनी मटेरियलाइज्ड व्ह्यू, म्हणजे क्वेरीचा साठवून ठेवलेला निकाल, वापरून उत्तरं आधीच काढून ठेवली. क्वेरी क्षणात परत! शेवटी १९९९ मध्ये ती चाचणी गुंडाळावी लागली आणि तिच्या जागी टीपीसी-एच आली.

आता आपल्या रोजच्या कामाकडे येऊ. समजा दोन टेबलं आहेत, प्रत्येकी एक लाख ओळी, ज्या कॉलमवर जॉइन करायचंय, म्हणजे ओळींच्या जोड्या जुळवायच्यात, त्यावर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी सोय) नाही. मायएसक्यूएल व्हर्जन ८.०.१७ पर्यंत फक्त नेस्टेड लूप करायचं, म्हणजे एका टेबलाची प्रत्येक ओळ दुसऱ्याच्या प्रत्येक ओळीशी ताडून बघायची. लाख गुणिले लाख, म्हणजे एक हजार कोटी तुलना. हॅश जॉइन एका टेबलाची रॅममध्ये झटपट शोधता येईल अशी यादी करतो आणि दुसरं तिच्याशी जुळवतो, त्यामुळे दोन्ही टेबलं एकेकदा वाचली की भागतं, दोन लाख ओळी. पोस्टग्रेसमध्ये हॅश जॉइन कित्येक वर्षं आहे, मायएसक्यूएलमध्ये तो ८.०.१८ मध्ये, २०१९ साली आला. त्याआधीची तुलना कुणी आज दाखवली तर व्हर्जन विचारा.

उलटंही होतं. इनोडीबी ओळी प्रायमरी कीच्या, म्हणजे प्रत्येक ओळीची ओळख ठरवणाऱ्या कॉलमच्या, क्रमानं ठेवतं. ग्राहक क्रमांक आणि ऑर्डर क्रमांक मिळून की केली, तर एका ग्राहकाच्या ऑर्डरी शेजारी-शेजारी बसतात, चार पानं उचलली की काम झालं. पोस्टग्रेसमध्ये त्याच ऑर्डरी जशा आल्या तशा टेबलभर विखुरलेल्या असतात.

आणि आपल्या देवनागरीचा एक किस्सा. आडनाव "पाट" नं सुरू होणारे शोधा, क्वेरीत लिहायचं लाइक, पाट, पर्सेंट (पर्सेंट म्हणजे पुढे काहीही चालेल). मायएसक्यूएल साधा इंडेक्स वापरतं. पोस्टग्रेसमध्ये डेटाबेसची कोलेशन, म्हणजे अक्षरांचा क्रम लावायचा नियम, 'सी' नावाची नसेल तर तोच इंडेक्स इथं चालत नाही, सगळं टेबल वाचलं जातं. लोक म्हणतात, पोस्टग्रेस स्लो! अहो, अशा शोधासाठीचा टेक्स्ट पॅटर्न ऑप्सचा इंडेक्स टाका की.

म्हणून मी सेकंद नंतर बघतो, आधी एक्सप्लेन अॅनालाइझ, म्हणजे क्वेरी चालवून तिचा प्लॅन, डेटाबेसनं निवडलेली वाट, दाखवणारी आज्ञा. परवाचाच एक प्लॅन सांगतो. ऑप्टिमायझरचा, म्हणजे प्लॅन निवडणाऱ्या भागाचा, अंदाज एक ओळ, प्रत्यक्षात आल्या चौऱ्याऐंशी हजार. एकच ओळ येणार म्हणून त्यानं नेस्टेड लूप निवडला होता. डेटा नुकताच भरलेला, टेबलाबद्दलची आकडेवारी शिळी. ती ताजी करणारी नुसती अॅनालाइझ आज्ञा चालवली, प्लॅन बदलला, डेटाबेस तोच राहिला.

तर चहाला प्रश्न विचारणारे कुठं बसलेत? क्वेरी आणली असेल तर लॅपटॉप इकडे जोड. पडद्यावरच बघू.