मंगळाची टोपी आणि डबीतला कापूर

नमस्कार श्रोतेहो.

आठवीच्या वर्गात मी मंगळाचे तीन फोटो फळ्यावर लावते. हबल दुर्बिणीने टिपलेले, ऑक्टोबर १९९६, जानेवारी १९९७ आणि मार्च १९९७ चे. तिन्हींत उत्तर ध्रुव. पहिल्यात पांढरी टोपी कानापर्यंत ओढलेली, शेवटच्यात टाळूवर नुसती चकती. मुलं पट्टीने मोजतात, आकडे वहीत मांडतात. आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "बाई, एवढा बर्फ वितळला, मग पाणी कुठं गेलं?"

चूक माझीच. कित्येक वर्षं मी बिनदिक्कत ‘टोपी वितळते’ म्हणत आले. आता त्या प्रश्नावर मी देवघरातली कापराची डबी काढते. एक वडी तोलून उघडी ठेवायची. आठवड्याने पुन्हा तोलली की हलकी भरते. खाली ओल नाही, वास मात्र वर्गभर. आजी डबीत मिरी का टाकते, हे मग मुलंच सांगतात. मिरीने कापूर खरंच राहतो का, तो वेगळा तास!

मंगळावर दर हिवाळ्यात साठणारा हा बर्फ मुळात पाण्याचा नाहीच, कार्बन डायऑक्साइडचा आहे. तिथल्या हवेत ९५ टक्के तोच. ध्रुवावर महिनोन्महिने रात्र असते, तापमान उणे १२५ अंशांच्या आसपास उतरतं आणि हवाच गोठून जमिनीवर बसते. वसंतात ऊन लागलं की कापरासारखी उडून जाते. त्यामुळे अख्ख्या ग्रहाचा वायुदाब ऋतूंबरोबर वरखाली होतो. १९७६ मध्ये उतरलेल्या व्हायकिंग यानांनी तो ध्रुवापासून हजारो किलोमीटर लांब बसून मोजला.

उन्हाळ्यात उरणारी चकती मात्र पाण्याच्या बर्फाची, सुमारे हजार किलोमीटर रुंद. दक्षिणेला तर उन्हाळ्यातही वर कार्बन डायऑक्साइडचा पातळ थर टिकून राहतो.

ऋतू का होतात, ते मुलांना ठाऊक असतं: पृथ्वीचा आस साडेतेवीस अंश कललेला, मंगळाचा पंचवीस. वर्ष ६८७ दिवसांचं, म्हणून ऋतूही लांबलचक. त्यात दक्षिणेचा हिवाळा मंगळ सूर्यापासून दूर आणि संथ असताना येतो, म्हणून तिकडची टोपी जास्त पसरते.

शिक्षकांनो, प्रयोग करणार असाल तर वडी कपाटात कुलपात ठेवा. आमची पहिली वडी शिपाईमामांनी सरस्वतीच्या आरतीला लावून टाकली होती.