फोन घ्या तुमचा परत!

सकाळची वेळ, एक खोली, त्यात वीस-पंचवीस पोरं, एकाचं नाक गळतंय, दुसरी रडतेय, आणि अंगणवाडीताई एकीकडे बडबडगीत म्हणतेय, एकीकडे हजेरी घेतेय. गावातल्या कित्येक पोरांची पहिली शाळा म्हणजे हीच.

अंगणवाडीची ही सरकारी योजना सुरू झाली २ ऑक्टोबर १९७५ ला. ताईने पोरांना शिकवायचं, आहार द्यायचा, वजनं घ्यायची, गरोदर बायकांच्या घरी जायचं, वर रजिस्टरं भरायची. आणि महाराष्ट्रात २०२१ ला सेविकेचं, म्हणजे या ताईचं, मानधन किती, तर महिन्याला ८,३२५ रुपये. मदतनीसताईंचं त्याहून कमी.

आता फोनचा किस्सा ऐका. सरकारने स्मार्टफोन दिले, दोन जीबी रॅमवाले. मग २०२१ मध्ये या सगळ्या नोंदी ठेवायला पोषण ट्रॅकर ॲप आलं, माहिती भरायची इंग्रजीत, फोन तापतोय, हँग होतोय, बिघडला की दुरुस्तीचे पैसे ताईच्याच खिशातून, आणि माहिती भरली नाही तर बोलणी पण तिनेच खायची. शेवटी ऑगस्टमध्ये कृती समितीने, म्हणजे ताईंच्या युनियनच्या एकत्र समितीने, सांगितलं, फोन परत करा. हजारो ताई प्रकल्प कार्यालयात गेल्या आणि साहेबांच्या समोर फोन ठेवून आल्या. खरं सांगू, मला हे आंदोलन संपापेक्षा भारी वाटतं, संप न करता डोकेदुखी गेली थेट ऑफिसात!

पण गावात ताई एकटीच असते, मग युनियन उभी राहते कशी? बीटची, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या गटाची, मीटिंग असते ना, तिथे सगळ्या भेटतात. मीटिंग सुटली की गेटबाहेर चहा, वर्गणी, आणि कुणाचं मानधन अडकलंय त्याची चर्चा.

एप्रिल २०२२ ला गुजरातच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा, कायदा लागू होतो. तरी ग्रॅच्युइटी, पेन्शन आणि २६,००० मानधन मागायला ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभर संप करावाच लागला, आझाद मैदान झालं, नोटिसा आल्या, घरचे म्हणाले आता बास कर, तरी जानेवारीच्या शेवटापर्यंत बायका हटल्या नाहीत.

पुढे २०२४ ला सेविकांचे १०,००० चे १३,००० झाले, मदतनीसांचे ५,५०० चे ७,५००. मागितलेल्याच्या बरोब्बर निम्मे, ते पण फक्त सेविकांना.