खेड्यातले हॉटेल आणि सरकारी पैसा

श्रोतेहो, नमस्कार.

खेड्यात मुक्कामाचे हॉटेल काढायचे म्हटले, की पहिली अडचण पैशाची येते. हंगाम थोडक्या महिन्यांचा, उरलेले वर्ष खोल्या रिकाम्या, आणि धंदा बुडालाच तर आडवाटेच्या त्या इमारतीला गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणून तिच्या तारणावर कर्ज द्यायला बँक कचरते. ही उणीव भरून काढण्यासाठी सरकारे अनुदान देतात, व्याजात आणि करात सवलत देतात. मात्र ही मदत बहुधा बांधकामासाठी असते, आणि बांधकाम हा या धंद्यातला सर्वांत सोपा भाग आहे. याचा दाखला म्हणून इटलीतील एक हकीकत सांगतो. ती माझ्या फार आवडीची असल्यामुळे तिच्यात जरा जास्त वेळ जाईल.

6 मे 1976 रोजी इटलीच्या ईशान्येकडील फ्रिउली प्रदेशात भूकंप झाला आणि सुमारे हजार माणसे दगावली. सप्टेंबरात पुन्हा हादरे बसले आणि जे तगले होते त्यातलेही बरेच पडले. सरकारने पुनर्बांधणीसाठी पैसा दिला, खर्चाचे बरेच अधिकार प्रदेशाकडे आणि गावांकडे सोपवले, आणि घरे जिथे होती तिथे, जशी होती तशी उभी करण्याचा आग्रह धरला गेला. काम चोख झाले. पण याच प्रदेशातल्या कार्निया या डोंगराळ भागातील माणसे कित्येक पिढ्या पोटासाठी बाहेर जात होती. घरे दुरुस्त झाली, छपरे नवी आली, आणि राहायला कोणी नव्हते. सरकारी पैशाने नीट केलेली ती घरे रिकामीच राहिली.

1982 मध्ये या घरांचे काय करावे, याचा विचार करण्यासाठी तिथे एक अभ्यासगट बसला. पर्यटनतज्ज्ञ जानकार्लो दाल्लारा त्यात होते. त्यातून पुढे आलेली कल्पना अशी, की नवे हॉटेल बांधायचेच नाही. गावातली सुटी घरे म्हणजेच खोल्या, एका घरात स्वागतकक्ष, आणि सगळ्यांची व्यवस्था एकाच हाताखाली. पाहुणा गल्लीतून आपल्या खोलीकडे चालत जातो आणि काही दिवस गावचा शेजारी होतो. (अशा खोल्यांत दूरचित्रवाणी संच ठेवूच नये, असे माझे खासगी मत आहे, रेडिओ असायला हरकत नाही.) या पद्धतीला ‘अल्बेर्गो दिफ्फूझो’, म्हणजे विखुरलेले हॉटेल, म्हणतात. तिला स्वतंत्र मान्यता देणारा कायदा 1998 मध्ये सार्डिनिया प्रदेशाने केला. म्हणजे कल्पना आणि कायदा यांच्यात सोळा वर्षे गेली. घरे आधीच तयार होती. वेळ लागला तो व्यवस्था बसवायला. पुन्हा सांगतो, घरे तयार होती, व्यवस्था नव्हती.

स्पेनने दुसरी वाट धरली. तिथे सरकार स्वतःच हॉटेलमालक झाले. राजा तेरावा अल्फोन्सो याच्या काळात, 1928 मध्ये, ग्रेदोस पर्वतात पहिले ‘पारादोर’ उघडले. आज जुने किल्ले, मठ आणि वाडे यांतली अशी हॉटेले सरकारी कंपनी चालवते. गर्दीच्या जागी होणारी कमाई आडगावच्या हॉटेलाला आधार देऊ शकते, ही या पद्धतीची जमेची बाजू आहे. पण 2008 नंतरच्या मंदीत ही कंपनीही तोट्यात गेली आणि 2012 मध्ये नोकरकपातीपर्यंत पाळी आली.

तेव्हा मदत करायचीच तर ती चालवण्याला करावी. चादरी धुण्याची सामाईक सोय, आरक्षणाचे काम, गावातल्या मुलामुलींचे प्रशिक्षण आणि मंदीच्या महिन्यांतले पगार यांना पैसा मिळावा. यांतल्या कशालाही कोनशिला बसवता येत नाही, आणि मला वाटते, अंदाजपत्रकात ही कामे मागे पडण्याचे तेच खरे कारण आहे. अनुदानाचा शेवटचा हप्ता इमारत पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर न देता, हॉटेल निदान दोन वर्षे चालल्यावर द्यावा. म्हणजे अर्ज करणारा बांधकामाच्या नकाशाइतकाच विचार ऐन मंदीतल्या मंगळवारचाही करील.